गुरुवारचं पान

लनेल्ली.
या नावाच्या आरंभाला एक अक्षर आहे,
जीभ दातांमागे टेकवून कडेनं वारा सोडायचा.
इंग्रजांना ते येत नाही, जसा आपला ळ येत नाही.
मला जमलं ते प्रॉथेरोच्या दुकानात,
मासे तळण्याच्या वाफेत.
त्यानं चारदा म्हणून दाखवलं
आणि मी त्याला एक दिला.

पाचपैकी एक.

कौन्सिलची माणसं कळवून येत नाहीत.
पिशवीत पांढरा कोट, टॉर्च,
सुईच्या टोकाचा थर्मामीटर.
'कोणत्याही वाजवी वेळी आत जाण्याचा अधिकार'
असं माझ्या ओळखपत्राच्या मागे छापलंय.
नोकरीच्या पहिल्या दिवशी ते एवढं वाचत बसले
की बस तीन थांबे पुढे गेली.

हात धुण्याच्या बेसिनमध्ये बटाट्याची गोणी.
फ्रीज नऊ अंशांवर कण्हत होता.
फ्रायरमागे टॉर्च मारला तर
कारळ्यासारखं काळं काही सांडलेलं,
पण कारळं नव्हे.
वही मात्र झकास.
सोमवार चार अंश, मंगळवार चार, बुधवार चार,
सहा महिने चार,
एकाच निळ्या पेनानं, एका बैठकीत.

"चाळीस वर्षांत कुणी मेलं नाही," प्रॉथेरो म्हणाला.
मी लिहीत राहिले.
मग खालच्या आवाजात,
"सगळं गाव बघेल."
बघेलच. वेल्समध्ये आकडा दारावर लावावाच लागतो.
त्यानं लावला, आणि पुढ्यात जिरेनियमची कुंडी ठेवली.
मी कुंडी सरकवली.
पुढल्या आठवड्यात कुंडी जागच्या जागी.
पुन्हा सरकवली.

सेलूत माझी आई मास्तरीणबाईंकडे भांडी घासायची,
मागल्या दारी, पायरीखाली.
लख्ख पातेली पायरीवर ठेवून बाजूला व्हायची,
मग बाई त्यांवर पाणी ओतायच्या
आणि आत न्यायच्या.
राखेनं न गेलेलं असं काय उरत होतं त्या पितळेवर?
टॉर्च मारून दिसलं नसतं.
सुई टोचून त्याचे अंश आले नसते.
ते स्वयंपाकघर आईनं उभ्या जन्मात पाहिलं नाही,
नुसत्या वासावरून सांगायची, आज वरण, आज अळू.

म्हणून 'स्वच्छ' या शब्दाचा मला धाक वाटतो.
अहवालात तो मी सहसा लिहीत नाही. लिहिते,
"पंख्याखाली, भिंतीवर, हाताएवढा तेलाचा थर."
दिसलं तेवढंच. माणसाबद्दल काही नाही.

तीन महिन्यांनी प्रॉथेरोनं पैसे भरून पुन्हा बोलावलं.
बेसिन रिकामं. साबण. कागदी रुमाल.
आधी मी हात धुतले, नियम मलाही आहे.
फ्रायर भिंतीपासून ओढला होता,
मागच्या फरशीचा मूळ रंग हिरवा,
हे त्याच्या मुलीला त्या दिवशी कळलं म्हणे.
वहीत तीन, चार, पाच,
मग एक सात, त्यापुढे वाकडं अक्षर:
'दार नीट लागलं नव्हतं. दूध फेकलं.'
आणि गुरुवार कोरा.

"विसरलो," तो म्हणाला.
"नंतर भरणार होतो. पेन घेतलं होतं हातात."
मग?
त्यानं खांदे उडवले.

पंख्याखालचा थर थोडा उरलाच होता.
तो आणि हा गुरुवार धरून चार दिले.
पाच का नाही, हे विचारायला त्यानं तोंड उघडलं,
आणि वहीकडे बघून मिटलं.
त्याला सांगितलं नाही,
पण त्या कोऱ्या चौकोनामुळेच
बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला.

परवा बसमधून दिसलं दुकान.
दारावर हिरवा चौकोन, चार.
कुंडी आता बाहेर, पायरीवर,
आणि प्रॉथेरो वाकून
तिच्यावर पाणी ओततोय.